सतरा ग्रॅमचा बाण

पहिलं हरिण रत्ना वानखडेने ऑक्टोबर २००२मध्ये मारलं. ते पडायला नऊ सेकंद लागले. तिने मोजले होते. बाण फासळ्यांतून आरपार जाऊन पलीकडच्या पाचोळ्यात रुतला. मादी एकदा उसळली, साठ-सत्तर पावलं धावली आणि धावता धावताच पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. नाकातून गुलाबी फेस येत होता. तिला शिकवणाऱ्या डेलने सुरी रत्नाच्या हातात दिली आणि पोट कुठून कुठपर्यंत फाडायचं ते बोटाने आखून दाखवलं. कोपरापर्यंत हात आत घालून तिने श्वासनलिका चाचपली, कापली आणि सगळा कोथळा एका ओढीत बाहेर काढला. थंडीत त्यातून वाफ निघत होती.

"ओकायचं असेल तर तिकडे तोंड कर," डेल म्हणाला. "मांसावर नको."

ती ओकली नाही. आतडी जमिनीवर घरंगळली तेव्हा तिने फुप्फुसं उचलून बाणाची दोन भोकं शोधली आणि खिशातल्या पट्टीने त्यांच्यातलं अंतर मोजलं. डेल बघत राहिला. चाळीस वर्षांत शिकारीला कुणी पट्टी आणलेली त्याने पाहिली नव्हती.

रत्ना यवतमाळची. नागपूरला मेकॅनिकल इंजिनीयर झाली, १९९७मध्ये व्हिसावर मिशिगनला आली आणि नोव्हायच्या एका कंपनीत कंपन-चाचणी विभागात लागली. मोटारीच्या सीटा, आरसे, डॅशबोर्ड यंत्रावर तासन्‌तास हलवायचे, कुठून खडखड येते ते शोधायचं आणि ती बंद करायची, हे तिचं काम. नवरा राजीव ट्रॉयला आयटीत. मुलगी इशिता, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी.

डेल कोवाल्चिक त्याच विभागातला जुना टूलमेकर. २००१च्या उन्हाळ्यात एका जेवणाच्या सुट्टीत तो पुतण्याचं नवंकोरं धनुष्य घेऊन तिच्या टेबलाशी आला. "हे सोडल्यावर हातात गुणगुणतं. तुझं ते यंत्र लावून बघ, कशामुळे ते." तिने मुठीजवळ सेन्सर चिकटवला. मागच्या अंगणात डेलने दहा बाण सोडले. पडद्यावर दहा आलेख आले. बाण निघून गेल्यावरही धनुष्य कितीतरी वेळ थरथरत होतं. रत्नाने दोन ठिकाणी रबराचे तुकडे बसवले, थरथर निम्म्याने उतरली. मग ती म्हणाली, "आता मला एक सोडू दे." धनुष्य तिच्या हातात आलं ते असं, शिकारीच्या ओढीने नाही, आलेखाच्या.

डेलचं स्वतःचं धनुष्य १९६४ सालचं. मॅपलचं लाकूड आणि फायबरग्लास यांचे थर, पुढे वळलेली दोन टोकं आणि एक दोरी. दोरी खेचली की चोवीस किलोंचा ताण तीन बोटांवर येतो आणि सोडेपर्यंत तेवढाच राहतो, त्यामुळे धरून थांबायची सोयच नाही. खेचायचं, गालाला टेकवायचं, सोडायचं. सगळं मिळून दीड सेकंद. नजर हरणावरच्या एका केसाळ ठिपक्यावर, हाताकडे बघायचंच नाही. हे अंगात मुरायला रोजचे शंभर बाण आणि चार-पाच वर्षं लागतात, आणि मुरलं तरी अठरा यार्डांपलीकडे त्याचा भरवसा नाही. डेल अठरा यार्डांपलीकडे बाण सोडत नसे.

सत्तरच्या दशकात चाकांची धनुष्यं आली आणि हे सगळं बदललं. टोकांना बसवलेली वेडीवाकडी चाकं खेचण्याच्या शेवटच्या टप्प्यात ताण गिळून टाकतात. रत्नाचं धनुष्य खेचायला एकवीस किलो लागत, पण पूर्ण खेचल्यावर हातावर उरत पाच. तसं ती मिनिटभर धरून उभी राहू शकत असे. दोरीत बसवलेल्या बारीक कड्यातून बघायचं; समोर तीन चमकते ठिपके, हिरवा वीस यार्डांचा, त्याखाली पिवळा तीसचा, सगळ्यांत खाली लाल चाळीसचा. दोरी बोटांनी नव्हे, मनगटाला बांधलेल्या चापाने सोडायची. अंतर लेझरने मोजायचं. जे डेलला पाच वर्षांनी जमलं ते रत्नाला एका उन्हाळ्यात जमलं.

बाणही बदलले. डेलच्या तरुणपणी देवदाराचे, मग अ‍ॅल्युमिनियमचे, आता कार्बनचे. डेलच्या बाणांच्या टोकाला दोन पक्की, कानशीने घासलेली पाती असत. रत्नाच्या बाणांवरच्या नव्या टोकांची पाती उडताना मिटलेली असतात आणि अंगाला लागली की उघडतात. मिटलेली म्हणून बाण सरळ जातो. पण ती उघडायलाही जोर लागतो, आणि तो जोर बाणातूनच खर्च होतो.

हॉवेल गावाच्या पलीकडे डेलचं ऐंशी एकरांचं शेत होतं. मधोमध ओकचं रान, उत्तरेला पाणकणसांची दलदल. तिथे शिकार करणारे तिघंच, डेल, त्याचा पुतण्या आणि रत्ना. शेतावर डेलचा एकच नियम. हरिण जखमी करून हरवलं, तर ते मेलं असं धरायचं. आपला टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायची सरकारी परवान्याची चिठ्ठी, सगळ्यांसमोर फाडायची आणि त्या वर्षी पुन्हा शेतावर पाऊल टाकायचं नाही. २००३मध्ये पुतण्याने एक मादी हरवली. तो मान खाली घालून टॅग फाडत होता तेव्हा रत्नाने विचारलं होतं, "अंतर मोजलं नव्हतंस?" तिला ते साधं विचारणं वाटलं होतं. पुतण्या त्यानंतर तिच्याशी वर्षभर बोलला नाही.

२००४च्या वसंतात रत्नाने वेग वाढवायचं घेतलं. त्या वर्षी सगळ्यांना वेगाचंच वेड होतं. दुकानात बाणाचा वेग मोजणाऱ्या यंत्रापुढे रांग लागे. रत्नाचे हात छोटे, ताण कमी, त्यामुळे वेग वाढवायला तिच्याकडे एकच वाट होती, बाण हलका करणं. तिने एकोणतीस ग्रॅमचा बाण चोवीसवर आणला, चोवीसचा वीसवर, शेवटी सतरावर. वेग सेकंदाला दोनशे अठ्ठेचाळीस फूट. तिने तक्ता करून डेलला दाखवला.

"आणि आवाज?" डेलने विचारलं.

"वाढलाय थोडा."

"थोडा म्हणजे?"

"पाच डेसिबल."

"तुला पगार कशाचा मिळतो गं? आवाज कमी करायचा ना?"

"बाण लवकर पोचला तर आवाजाने काय फरक पडतो?"

"हरणाला पडतो."

"डेल, तू साठ सालातला माणूस आहेस."

"बरोबर. तेव्हाही हरणांना कान होते."

ती हसली. बाण हलका झाला की धनुष्याची उरलेली ताकद धनुष्यातच राहते आणि आवाज होऊन बाहेर पडते, हे तिला त्याच्याहून चांगलं माहीत होतं. नोकरीच त्यावर चालली होती. पण आवाजाचा आकडा हरणावर काय करतो ते तक्त्यात लिहिता येत नव्हतं, वेगाचा आकडा येत होता.

१४ नोव्हेंबर २००४, रविवार. धनुष्याच्या मोसमाचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवसापासून बंदुका. रत्ना पहाटेपासून ओकवर सोळा फुटांवरच्या मचाणात पट्ट्याने बांधून बसली होती. आठला दहा कमी असताना दलदलीकडून नर आला. मान सुजलेली, दहा टोकांची शिंगं, उजवा पुढचा पाय टाकताना किंचित अडखळ. लेझरने बत्तीस यार्ड दाखवले. तिने धनुष्य खेचलं, पिवळा ठिपका खांद्यामागे ठेवला, जरा वर घेतला, चाप दाबला.

धनुष्य फटकन वाजलं. आवाज हरणापर्यंत जायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. बाणाला चार दशांश लागले. मधल्या वेळात नराने पाय दुमडले, अंग खाली टाकलं आणि पुढे झेप घेत वळला. बाण पोचला तेव्हा खांदा तिथे नव्हता. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. नर पाठ वाकवून, शेपूट पोटाशी घेऊन चार उड्या धावला आणि मग चालत गेला. चालत गेला, म्हणजे बाण फुप्फुसांत नव्हता.

जमिनीवर बाणाचा मागचा अर्धा तुकडा सापडला. त्यावर रक्त थोडं, हिरवट-तपकिरी चिकटा जास्त. तिने नाकाशी धरला. चघळलेल्या मक्याची आणि शेणाची घाण.

डेल पाऊण तासाने आला. त्याने तुकडा हुंगला. "पोट."

"हो."

"टोक आतच आहे."

"हो."

"किती यार्ड?"

"बत्तीस."

पुतण्याला तिने काय विचारलं होतं ते दोघांनाही आठवत होतं, हे दोघांनाही कळत होतं. तेवढं पुरे होतं.

पोटात बाण लागलेलं हरिण लगेच मरत नाही. आतड्यांतली घाण रक्तात मिसळते आणि ते आठ-दहा तास आतून सडत मरतं. पाठलाग केला तर मैलभर पळतं आणि कधीच सापडत नाही. पाठलाग केला नाही, तर जवळच आडोसा शोधून बसतं. म्हणून थांबायचं. किमान सहा तास. दोन वाजता माग काढायला सुरुवात. संध्याकाळी पाच एकेचाळीसनंतर कायद्याने बाण सोडता येत नाही. तेवढ्या वेळात नर सापडला पाहिजे. नाहीतर रात्री कायोटींची, म्हणजे इथल्या कोल्ह्यांची, टोळी त्याला मागच्या बाजूने जिवंत फाडणार, आणि त्यांनी नाही फाडलं तर तो कुजत उद्याचा दिवस काढणार. टॅगचा विचार रत्नाच्या मनात एकदा आला आणि तिने तो ढकलून दिला. तिला तो नर मेलेला हवा होता. बाकी काही नको होतं.

अकरा वाजता डेलच्या स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. राजीव.

"कुठे आहेस?"

"शेतावरच. एकाला बाण लागलाय. शोधायचाय."

"मग शोध ना."

"आत्ता नाही. दोन वाजता."

"म्हणजे? अपॉइंटमेंट देऊन गेलाय का तो?"

"पोटात लागलाय, राजीव."

तीन वर्षांत राजीव एवढं शिकला होता. "अरे यार," तो म्हणाला. "चारला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. इशिताचा डान्स पावणेपाचला. आणि पन्नास माणसांचा चिवडा तुझ्या नावावर लिहिलाय."

"चिवडा डब्यात भरून फ्रीजवर ठेवलाय."

"चिवड्याचं मी बघतो. मंडळातल्या सुमेधाकाकूंना काय सांगू? त्या विचारणारच, या वर्षी फराळाला हरिण आहे का म्हणून."

"सांग, काम निघालं."

"मी सांगतो. पण इशिताला तू सांग."

इशिता फोनवर आली. "आई, आर यू कमिंग ऑर नॉट?"

"बेटा, माझ्या हातून एका प्राण्याला फार वाईट लागलंय. तो अजून जिवंत आहे."

"सो गो किल इट," इशिता म्हणाली. "अँड देन कम."

दोन वाजता दोघं निघाली. डेल काठी टेकत. त्याच्या कमरेचा सांधा गेलेला, वर्षभराने ऑपरेशन ठरलेलं. रत्नाच्या हातात धनुष्य, त्याच्या बाजूच्या खाचांत तीन बाण. डेलच्या खिशात टॉयलेट पेपरची गुंडाळी. रक्ताचा प्रत्येक थेंब दिसला की तिथे कागदाचा कपटा टाकायचा. मागे वळून बघितलं की कपट्यांची रेघ हरणाची दिशा सांगते.

कपटे दूर दूर पडत होते. पोटातला बाण आत रक्त सांडतो, बाहेर फार नाही. एका ओकच्या पानावर नखाएवढा काळा थेंब. मग बारा पावलं काही नाही. मग पडलेल्या खोडावर घासून गेलेला पट्टा. दीडशे यार्डांवर पहिलं बसणं सापडलं, गवत दबून गोल झालेलं, मधे कोमट काळं रक्त आणि त्यात मक्याचे अर्धे चघळलेले दाणे. डेलने हाताचा उलटा पंजा टेकवला.

"आत्ताच उठलाय. आपल्याला ऐकलं त्याने."

"आणखी थांबूया?"

"किती वाजले?"

"तीन चाळीस."

"मग काय थांबतेस."

पुढे दलदल. पाणकणसांत वाट फुटलेली, कडेला फेसाळ चिखल आणि त्यावर लाल तवंग. डेल काठावर थांबला. "माझी कंबर आत गेली तर बाहेर यायची नाही. तू जा. आणि ऐक, तो मेलेला वाटला तरी मेलाय असं धरू नकोस."

पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यावर, मग मांडीला लागलं. नोव्हेंबरचं पाणी, दोन मिनिटांत पायांची जाणीव गेली. कणसं डोक्याच्या वर. तीन पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. ती ऐकत पुढे सरकत होती आणि तिला श्वास ऐकू आला. ओला, घरघरणारा, भात्यासारखा.

तो चिखलात बसला होता. शिंगं कणसांत अडकलेली, जीभ बाहेर, डोळा तिच्यावर. तीन पावलं. पोटाच्या भोकातून आतड्याचं करडं वेटोळं बाहेर आलं होतं आणि पाण्यावर तरंगत होतं. रत्नाने धनुष्य खेचलं, कड्यातून बघितलं, हिरवा ठिपका, सगळ्यांत जवळचा, फासळ्यांवर ठेवला आणि चाप दाबला.

बाण चार बोटं खाली गेला. पुढच्या डाव्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज तिने स्वच्छ ऐकला. नर ओरडला. हरिण ओरडतं हे तिला माहीत नव्हतं; तो आवाज वासराचा आणि माणसाचा एकदम होता. तो तीन पायांवर उठला आणि मान खाली घालून सरळ तिच्या अंगावर आला. एक टोक तिच्या उजव्या मांडीत शिरलं आणि कापड, कातडी फाडत वर गेलं. ती पाठीवर पाण्यात पडली. डोकं बुडालं. वर आली तेव्हा तोंडात चिखल होता आणि शिंगं तिच्या छातीपासून हातभर अंतरावर वळत होती. मोडका पाय चिखलात रुतल्यामुळे नर तिच्यापर्यंत पोचू शकला नाही. तो धडपडून पुन्हा पडला, पुन्हा उठला, बाजू दाखवून उभा राहिला. पाय लटकत होता.

"काय झालं?" काठावरून डेल.

"चुकला!"

"किती लांबून?"

"तीन पावलं!"

डेलने आईबहिणीवरून काहीतरी म्हटलं.

रत्ना उभी राहिली. मांडीतून रक्त पाण्यात उतरत होतं, दुखत मात्र काहीच नव्हतं. तिने धनुष्य झटकलं, दोरी दोन्ही चाकांच्या खाचेत नीट बसली आहे का ते बोटाने चाचपलं, बाण लावला. आणि तेव्हा, मांडीभर पाण्यात, तिला आपली चूक दिसली. डोळा वर असतो, बाण डोळ्याच्या चार बोटं खाली. ठिपके वीस यार्डांपासून पुढच्यासाठी लावलेले. तिथे बाण वर चढून नजरेच्या रेषेला येऊन मिळतो. तीन पावलांवर तो चढलेलाच नसतो. तीन वर्षं तिने वीस, तीस, चाळीसवर हजारो बाण सोडले होते. तीन पावलांवर एकही नाही. डेलने मात्र नुसत्या नजरेने तीनवर आणि अठरावर सारखाच मारला असता.

सगळ्यांत खालचा, लाल ठिपका वापरला तर धनुष्य वर उचलावं लागेल. तेवढंच हवं होतं. पण नर खांदा पुढे करून उभा होता, आणि सतरा ग्रॅमचा बाण खांद्याच्या हाडातून जाणार नाही. त्याच्या मागच्या बाजूला जायला हवं होतं, म्हणजे शिंगांच्या टप्प्यातून. ती सरकली. एक पाऊल. नराने मान वळवली, शिंग तिच्या धनुष्यावर खणकन आपटलं. दुसरं पाऊल. आता शेवटची फासळी समोर होती. तिने खेचलं, लाल ठिपका फासळीमागे ठेवला, पलीकडच्या खांद्याच्या दिशेने, आणि श्वास सोडून चाप दाबला.

बाण पिसांपर्यंत आत गेला.

नराने एकदा उडी मारली, तिच्या तोंडावर चिखल उडवला आणि बाजूवर पडला. नाकातोंडातून गुलाबी फेस पाण्यावर पसरला. मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हलत राहिले. डोकं पाण्याखाली गेलं, बुडबुडे आले. रत्नाने शिंग धरलं आणि ते तसंच खाली दाबून ठेवलं. बुडबुडे थांबायला चाळीस सेकंद लागले. आणखी साठ ती तशीच उभी होती.

"मेला," ती ओरडली. घड्याळात चार एकेचाळीस.

बाहेर काढायला दोराने अर्धा तास. डेलने तिच्या मांडीवर स्वतःचा पट्टा आवळला. "हॉस्पिटल."

"आधी हा."

"मूर्ख बाई आहेस."

कोठारात दिव्याखाली त्यांनी नर मागच्या पायांनी टांगला. पोट फाडल्यावर वासाने डेलनेही तोंड फिरवलं. सकाळच्या बाणाचं टोक आतड्यात सापडलं. तीन पात्यांपैकी एकच उघडलं होतं. रत्नाने ते पाण्याने धुतलं आणि उघडझाप करून बघितलं. आता ते छान उघडत होतं. कुजकी चरबी कापून टाकली, मागच्या मांड्या आणि पाठीचं मांस वाचलं. मग डेल कातडं सोलायला लागला. उजव्या खांद्यावर सुरी कशावर तरी करकरली.

त्याने बोटाने चाचपलं. खांद्याच्या हाडावर कूर्चेची एक गाठ होती, लिंबाएवढी. सुरीने चिरली. आतून गंजलेलं लोखंड निघालं. बाणाचं टोक, दोन पक्क्या पात्यांचं, धार एकाच बाजूने घासलेली.

रत्ना टोकाकडे बघत होती. कानशीने घासलेली पाती शेतावर एकाच माणसाच्या बाणांना होती. डेल ते दिव्यापुढे धरून उभा होता.

"दोन हजार दोन," तो म्हणाला. "तू ती मादी मारलीस, त्याच्या पुढचा आठवडा. पंधरा यार्ड. मी खेचलं आणि खांदा दुखला म्हणून अर्ध्यावरच सोडलं." त्याने टोक फिरवून बघितलं. "तीन दिवस शोधला."

"टॅग?"

"नाही फाडला."

"मग?"

"मग दोन आठवड्यांनी दुसरा मारला. त्याला लावला." त्याने घराकडे मान हलवली. "त्याचंच डोकं भिंतीवर आहे ना, दाराशी."

दोन वर्षं तो नर हे लोखंड खांद्यात घेऊन चालत होता. सकाळी तिने पाहिलेली अडखळ तीच. तिने सुटलेला पाय ओढून धरला म्हणजे कातडं ताणलं जाईल. डेलने टोक फळीवर ठेवलं आणि पुन्हा सुरी उचलली. निघताना डेल म्हणाला, "पुतण्याला मी सांगीन." आणि त्याने सांगितलं, दुसऱ्याच दिवशी, रत्नासमोर. पुतण्या आधी हसला आणि मग त्याने काकाला अशी शिवी घातली की डेल खुर्चीत बसला.

हॉस्पिटलात मांडीला एकवीस टाके पडले. रत्ना दहा वाजता घरी पोचली. इशिता नाचाच्या कपड्यांतच सोफ्यावर झोपली होती. "चिवडा संपला," राजीव म्हणाला. "तू दिसत्येस भयंकर."

"सापडला," ती म्हणाली.

"तोंडावरून कळतंय," राजीवने दार लावून घेतलं.

२००५मध्ये रत्नाने सतरा ग्रॅमचे सगळे बाण मोडून कचऱ्यात टाकले. आता तिचा बाण एकोणतीस ग्रॅमचा आहे, टोकाला दोन पक्की पाती. वेग सेकंदाला एकशे त्र्याण्णव फूट, दुकानातल्या यंत्रापुढे तरुण पोरं हसतील असा. वीस यार्डांपलीकडे ती सोडत नाही. त्यानंतरच्या चार मोसमांत तिने पाच हरणं मारली, पाचही नजरेच्या टप्प्यात पडली. डेलची कंबर नवी झाली, खांदा मात्र गेला. जुन्या धनुष्याची दोरी त्याला आता गालापर्यंत येत नाही. तो मचाणाखाली खुर्ची टाकून बसतो आणि रत्ना शिकार करते.

२००८च्या सप्टेंबरमधली गोष्ट. सरावाच्या मैदानावर एक पंचविशीतला मुलगा साठ यार्डांवर बाण सोडत होता, महागडं धनुष्य, पाच ठिपके. शेजारच्या पट्ट्यात एक मराठी बाई लक्ष्य ओढून ओढून अगदी नाकासमोर आणत होती. तिने तीन पावलं मोजली, बाण लावला, सोडला. काढला. पुन्हा सोडला. असे वीस.

मुलाला राहवेना. "मॅम, इतक्या जवळून कोण चुकतं?"

"मी," रत्ना म्हणाली, आणि एकविसावा लावला.